पाणी न पाजलेलं लोखंड

साहेबाने काठी फिरवली, चेंडू उडाला, आणि साहेब विंचू चावल्यासारखा उजवा हात झटकू लागला.

पंधरा पावलांवर मोहाच्या झाडाखाली लोहारकाम करणारा वारलू खाती उभा होता. चेंडू कुठे पडला हे त्याने पाहिलंच नाही. चेंडूशी त्याला काय कर्तव्य? तो साहेबाच्या हाताकडे पाहत होता. सव्वीस वर्षं त्याने पिंपळझोऱ्याच्या कोळसा खाणीतल्या वर्कशॉपात कुदळी आणि सब्बली घडवल्या होत्या. हत्यार चांगलं की वाईट हे ते धरणाऱ्याच्या हातावर दिसतं, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. आणि हा हात सांगत होता की काम बिघडलं.

खाणीच्या ऑफिसातले कारकून गुणवंतराव साहेबाचं ऐकून घेऊन वारलूकडे आले. साहेबाची अर्धी इंग्रजी, अर्धी हिंदी लोकांपर्यंत पोचवायचं काम त्यांच्याकडे असे, आणि ते त्यात पदरचं थोडं मीठमिरचीही घालत.

"वारलूभाऊ, साहेब म्हनते, दिसाले फस्कलास. वजनबी बराबर. पन मारलं का हाताले असा झटका बसते का दातापावतर झिनझिन्या येते."

वारलूने त्यांच्या ओठांवरची नजर काढली नाही. वाक्य संपल्यावर क्षणभर थांबून तो म्हणाला, "पोलाद कुदळीचं होतं जी. पानीबी चोख पाजलं."

"तेच त! साहेब म्हनते, कुदळ नाई मांगितली म्या."

डगलस साहेबाचा हा गोल्फचा खेळ खाणीत सगळ्यांच्या कौतुकाचा आणि थट्टेचा विषय होता. बंगल्यामागच्या माळावर त्याने नऊ भोकं पाडून घेतली होती. भोकाभोवती हिरवळ कुठून आणणार, म्हणून तेल शिंपडलेली वाळू पसरली होती. फाल्गुन-चैतात तिथे मोहाची फुलं सांडत, आणि त्या पांढुरक्या सड्यात साहेबाचा पांढरा चेंडू शोधताना माणसं रडकुंडीला येत. साहेबाच्या पोतडीत लोखंडी तोंडाच्या काठ्या होत्या, नंबर घातलेल्या. जितका नंबर मोठा, तितकं तोंड जास्त आभाळाकडे वळलेलं आणि चेंडू तितका उंच, पण जवळ पडायचा. त्यातली सात नंबरची काठी पानांखाली दडलेल्या दगडावर आपटून गळ्यातून तुटली होती. विलायतेहून नवी यायला तीन महिने लागले असते, आणि साहेब महिन्याभरात देश सोडून कायमचा निघाला होता. जाण्यापूर्वीच्या रविवारी शेजारच्या खाणीच्या साहेबाशी त्याचा शेवटचा सामना होता. सात नंबरशिवाय खेळणं म्हणजे मधलं बोट नसताना जेवणं, असं साहेब म्हणाला. निदान गुणवंतरावांनी तसं सांगितलं.

म्हणून सहा आणि आठ नंबरच्या काठ्या वारलूच्या हवाली झाल्या होत्या. या दोघांच्या मधला भाऊ घडवायचा. वारलूने दोन्ही सपाट फरशीवर ठेवून तासभर नुसत्या पाहिल्या. किराणा दुकानाच्या तराजूत एका पारड्यात सहा, दुसऱ्यात आठ ठेवून, पारडी सम होईपर्यंत तुरीचे दाणे टाकले. त्यातले निम्मे उचलले आणि उरलेल्यांसकट सहा नंबरचं जे वजन भरलं तेच नव्या काठीचं ठरवलं. तोंडाचा कलही असाच मधोमध काढला. रूप जुळलं, वजन जुळलं, आणि हाताला मात्र विंचू डसला.

चूक कुठे झाली हे वारलूला परत जाताना रस्त्यातच कळलं. त्याने लोखंडाला पाणी पाजलं होतं. लालभडक तापवायचं आणि पाण्यात बुडवायचं. त्यानेच लोखंड कठीण होतं, धार धरतं. विळा असो, कुऱ्हाड असो, पाणी न पाजलेलं हत्यार त्याच्या बापाने कधी भट्टीबाहेर जाऊ दिलं नव्हतं, त्यानेही नाही. तसं हत्यार देणं म्हणजे गिऱ्हाइकाला फसवणं. आणि साहेबाला नेमकं तसलंच हवं होतं. पोलाद नव्हे, मऊ लोखंड, आणि तेही पाणी न पाजलेलं.

घरी त्याची बायको धुरपता अंगणातल्या भट्टीपाशी बसली होती. खाणीतून आल्यावर गावच्या विळ्या-कुऱ्हाडी वारलू इथे घडवत असे, आणि भाता ओढायला धुरपता असे. भाता तर ती ओढायचीच, पण तिचं खरं काम वेगळं होतं, आणि ते गावात कुणालाच माहीत नव्हतं. ती वारलूचे कान होती.

पाच वर्षांपूर्वी वारलूच्या कानांतून आधी चिमण्या गेल्या. मग धुरपताच्या बांगड्या गेल्या, मग खाणीचा भोंगा. चुलीवर दूध उतू जाऊन विस्तवावर चर्रर्र करत होतं आणि वारलू पाठमोरा बसून खुशाल सुपारी कातरत होता, त्या दिवशी धुरपताला कळलं. ती त्याच्या समोर येऊन बसली आणि बराच वेळ त्याचा हात धरून राहिली. तेव्हापासून ती त्याच्याशी नेहमी समोर येऊन बोलते. तो ऐरणीवर घाव घालतो, ती आवाज ऐकते. सणसणीत वाजलं की मान हलवते. बद्द वाजलं, म्हणजे आत तडा असला, की गालावर हात ठेवते. लग्न झालेल्या लेकीलाही तिने ही गोष्ट सांगितली नव्हती. झाकली मूठ सव्वा लाखाची.

वर्कशॉपात ते खपून गेलं होतं. तिथे घणांच्या दणक्यात सगळेच ओरडून, हातवारे करून बोलत. वारलू मुळात अबोल. लोक म्हणत, म्हातारा कामात कुणाला हिंग लावून विचारत नाही. त्याचा घण मारणारा चैतू त्याच्या हातोडीच्या इशाऱ्यावर घण टाकायचा, त्याला शब्दांची गरजच नव्हती. पण गेल्या साली रुळांवर काम करणाऱ्या, कानाने मंद झिंगूचा अपघात झाला. रुळांवर मागून कोळशाची ट्रॉली आली, घंटा वाजली, ती त्याला ऐकूच आली नाही, आणि त्याचा पाय गेला. साहेब तीन दिवस दवाखान्यात त्याच्या उशाशी बसला होता. चौथ्या दिवशी त्याने हुकूम काढला: ज्याला ऐकू येत नाही, त्याला वर्कशॉपात आणि रुळांवर काम नाही, मग तो कुणीही असो. गुणवंतरावांनी हुकूम वाचला तेव्हा सगळ्यांनी माना डोलावल्या. वारलूनेही डोलावली, आणि ती खोटी नव्हती. हुकूम न्यायाचा होता. फक्त आपली भट्टी सुटली तर उरलेले दिवस काय करायचे, हे त्याला सुचत नव्हतं. खाणीची ती भट्टी, ती ऐरण त्याने सव्वीस वर्षं आपली मानली होती.

"काय म्हनला साहेब?" धुरपताने समोर येऊन विचारलं.

"कठीन झालं म्हनते. मऊ लोखंड पायजे." वारलू ओट्यावर टेकला. "तुह्या बाच्या बंडीची धाव हाये ना मांगं," तो म्हणाला.

घरामागे बैलगाडीच्या चाकाची जुनी लोखंडी धाव कुडाला टेकून ठेवली होती. तिच्या बापाची बंडी मोडली तेव्हा धुरपताने तेवढी एक धाव मागून आणली होती. चाळीस वर्षं रस्त्यावर झिजलेलं, ठोकायला लोण्यासारखं मऊ लोखंड. तसलं लोखंड आता मिळत नाही.

"मंग घ्या ना. काऊन तोंड पाडून बसले?"

"तू त्याच बंडीत बसून आल्ती इथी."

"आल्ती तवा आल्ती. आता का धावेवर बसून माहेरी जाऊन राह्यली मी?" असं म्हणून ती हसली, आणि आत जाऊन छिन्नी घेऊन आली. वारलू धावेचा वीतभर तुकडा तोडत असताना मात्र ती दुसरीकडे पाहत होती, आणि त्याला ते दिसलं. या बाईने आपल्याला कान दिले, आता बापाची आठवणही दिली, आणि आपण तिला काय दिलं, असं त्याच्या मनात आलं. तो भट्टी पेटवू लागला.

दोन दिवस काम चाललं. लोखंड हाताखाली असं वळत होतं की वारलूला स्वतःचाच हात तरुण वाटला. तोंडाचा आकार उतरला, टाचेचा गोलवा आला, काठी बसवायचा गळा गुंडाळून जोडला गेला. शेवटचा ताव देऊन झाला आणि सवयीने त्याचा हात चिमट्यासकट पाण्याच्या बादलीकडे वळला. धुरपताने पायाने बादली दूर सारली.

"पानी नाई पाजाचं ना?"

"नाई." वारलू चिमटा धरून तसाच उभा राहिला. "मोठं कसंतरी वाटते, धुरपता. पोरीले उघड्या अंगानं सासरी धाडल्यावानी."

"साहेब का त्याच्यानं सागवान तोडनार हाये? चेंडूले त मारनार. राखेत ठेवा निवाले, अन् या जेवाले."

निवलेलं लोखंड तिने सुतळीला टांगून हातोडीने वाजवलं, कान लावून ऐकलं, आणि मान हलवली. साफ होतं. शनिवारी वर्कशॉपात वारलूने तोंड काठीला बसवून गळ्यात आरपार खिळा मारला. तिथे मात्र ऐकायला धुरपता नव्हती.

रविवारी सकाळी वारलू माळावर गेला तेव्हा बाया टोपल्या घेऊन मोहफुलं वेचत होत्या. शेजारचा साहेब नऊ वाजता मोटारीने येणार होता. डगलस साहेब तासभर आधीच येऊन थांबला होता. त्याने नवी काठी घेतली आणि मुलगी पाहायला आलेल्या वरबापाच्या नजरेने आधी नुसती न्याहाळली: वरून, बाजूने, एक डोळा मिटून. चेंडूमागे टेकवली. लोखंड जमिनीवर नीट बसलं, इकडे कललं नाही की तिकडे. साहेबाने मान हलवली.

मग त्याने मारलं.

वारलू हाताकडे पाहत होता. हात झटकला गेला नाही. साहेब काठी खांद्यावर तशीच ठेवून, चेंडू पडून थांबल्यावरही पाहत राहिला. मग गुणवंतरावांना वगळून सरळ वारलूकडे वळून म्हणाला, "हाथ को मालूम नहीं पड़ता कि मारा."

गुणवंतराव पुन्हा सांगायला पुढे झाले तर वारलू म्हणाला, "समजलं जी." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते लपवायला त्याने मोहाच्या शेंड्याकडे पाहिलं.

साहेबाने दहा चेंडू सहा नंबरने मारले, ते जांभळीपाशी पडले. दहा आठने मारले, ते अलीकडच्या वारुळापाशी. सात नंबरचे बरोबर मधोमध पडू लागले. पण सहाव्या चेंडूला साहेब थांबला. त्याने काठी कानाशी नेऊन हलवली. वारलूकडे पाठ करून काहीतरी बोलला. गुणवंतरावांचा चेहरा बदलला.

"वारलूभाऊ, साहेब म्हनते, मारलं का आतमंदी बारीक किरकिरते. लोखंड तडकलं का पाह्य म्हनते. मले त काई आलं नाई ऐकाले, पन साहेबाचे कान लय तिखट."

काठी वारलूच्या हातात आली. चार माणसं त्याच्याकडे पाहत होती. कुठलाही लोहार काय करील? टिचकी मारील आणि कानाशी धरील. वारलूही तसं करू शकत होता. कानाशी धरून 'काई नाई साहेब' म्हटलं की सुटला. पण तडा खरंच असला तर? पुढच्या फटक्याला ते तोंड गळ्यातून सुटून एखाद्या फुलं वेचणाऱ्या बाईच्या कपाळात बसायचं. बरं, 'तडकलं, नका खेळू' म्हणावं, तर धुरपताच्या बापाच्या धावेवर खोटा आळ. तिने कान लावून ते साफ ठरवलं होतं. घरी नेऊन तिला दाखवायला वेळ नव्हता. इकडे आड, तिकडे विहीर.

एकच उपाय होता. धुरपता घरी नसली की तो कधी कधी तसं करी, दार लोटून. वारलूने धोतराच्या सोग्याने काठीचा गळ्याच्या वरचा भाग पुसला, काठी आडवी धरून दातांत घट्ट चावली, डोळे मिटले, आणि कमरेच्या छोट्या हातोडीने काठीच्या लोखंडी तोंडावर हलकेच मारलं. टोकाला, मग मध्ये, मग टाचेला. जबड्यातून, टाळूतून थरथर सरळ आली, कुठे अडली नाही, फुटली नाही. मग गळ्यावर मारलं. तिथे थरथरीच्या मागे आणखी एक बारीकशी थरथर आली.

त्याने काठी तोंडातून काढली. "लोखंड साफ हाये साहेब. खिळा ढिला हाये. माह्याच हातून राह्यला." दगडावर गळा टेकवून त्याने खिळ्याला दोन घाव घातले, पुन्हा दातांत धरून पाहिलं, आणि काठी साहेबाला दिली.

साहेबाने मारलं. मग मान हलवली. किरकिर गेली होती.

इतक्यात रस्त्यावर मोटारीचा भोंगा वाजला. साहेबाने, गुणवंतरावांनी, फुलं वेचणाऱ्या बायांनी, सगळ्यांनी वळून पाहिलं. वारलू तेवढा सात नंबरकडे पाहत उभा होता. साहेब मोटारीकडे गेला नाही. तो वारलूच्या समोर येऊन उभा राहिला. ओरडला नाही. ओठ नीट हलवत, हळू म्हणाला, "वारलू, सुनाई नहीं देता?"

"नाई साहेब."

"कब से?"

"पाच वर्सं झाले."

गुणवंतराव टोपी काढून तिच्यात काहीतरी शोधू लागले.

साहेब त्या दिवशी एका फटक्याने हरला. सात नंबरचा दोष नव्हता, वाळूत शेवटी हात थरथरला, असं गुणवंतरावांनी दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगितलं. पण ऐकायला कुणाचं मन थाऱ्यावर नव्हतं, कारण साहेब स्वतः वर्कशॉपात आला होता. नोटीस लावून, शिपाई पाठवून भागलं असतं. तो आला, हॅट काढून हातात धरली, आणि वारलूच्या समोर उभा राहिला.

"हुकूम मेरा है," तो म्हणाला. "झिंगू के वास्ते किया."

"हो साहेब."

"तुम्हारे वास्ते तोड़ना मुश्किल नहीं. मैं तो जाता है."

"तोडू नोका साहेब," वारलू म्हणाला. "बराबर हाये हुकूम. म्याबी मान हालवली होती."

साहेबाने त्याचा हात दोन्ही हातांत धरला, बराच वेळ धरला, आणि निघून गेला.

वर्कशॉपातले घण थांबले होते. सगळी माणसं आपापल्या जागी उभी होती. सुकलू फिटर बोलायला गेला आणि आपण वारलूच्या पाठीमागे आहोत हे लक्षात येऊन मुकाट्याने वळसा घालून पुढे आला. वारलूने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. मग त्याने हातोडी पुसली, चिमटे ओळीने लावले आणि चैतूला बोलावलं. चैतू पस्तिशीचा, रेड्यासारखा दांडगा गडी.

"आता भट्टी तुही," वारलू म्हणाला. "एक इचारू? पाच वर्सं झाले, कोनाले इचारता नाई आलं. इचारलं असतं त समजलं असतं सगळ्याईले."

"इचार ना भाऊ."

"माही ऐरन कशी वाजते रे आता? घरची त धुरपता सांगते. इथची कोन सांगनार?"

चैतूने हातोडी उचलली आणि रिकाम्या ऐरणीवर एक घाव घातला. तो ऐकत राहिला. रोज हजारदा ऐकलेला आवाज, पण तो कसा आहे हे आजवर त्याला कुणी विचारलं नव्हतं.

"भाऊ, ते... देवळातल्या घंटीवानी," तो म्हणाला, आणि लगेच मान हलवली. "नाई. तशी नाई. घंटी लवकर बंद पडते." त्याने डोकं खाजवलं. "हे दूर जाते भाऊ. नदीच्या पलीकडून कोनी आवाज देल्ल्यावानी."

"तडा?"

"तडा नाई. साफ हाये."

"अजून एक डाव मार."

चैतू ऐरणीला वळसा घालून वारलूच्या अगदी समोर येऊन उभा राहिला, आणि त्याने दुसरा घाव घातला. त्या आवाजात त्याचे डोळे भरून आले. आवाज विरेपर्यंत वारलू त्याच्या तोंडाकडे पाहत राहिला.